इराच्या ट्रेकबद्दल

इंदूर, मंगळवार

प्रिय सुध्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गुडघा ठीक, आईची साखर आटोक्यात. आता मुद्द्याचं.

इरा फेब्रुवारीत उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला निघालीय आणि तू मला विचारतोस, जाकीट राजवाड्याजवळ घ्यायचं की एम. जी. रोडला! कुठेही घे. पण तू पाठवलेली सामानाची यादी वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यात मोजे आहेत, गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) आहेत, सनस्क्रीनसुद्धा आहे. हिमस्खलनाचं नाव नाही.

बाळ्याच्या गच्चीवरचं आपलं भांडण आठवतं? तुझं म्हणणं, बर्फ वरून कोसळतो, ज्याच्या नशिबी त्याच्या अंगावर. मी आजही हटत नाही. हौसेने डोंगरात गेलेल्यांच्या अपघातांत बहुतेक वेळा बर्फाचा थर त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो. होतं असं, की जुना बर्फ कडक थंडीत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा मोकळा होतो, कण कणाला धरत नाही. त्यावर वारा नवा बर्फ आणून घट्ट दाबून बसवतो. पाय पडला की खालचा मोकळा थर खचतो, चीर क्षणात उतारभर धावते आणि वरचा सगळा थर निसटतो. याला ३० ते ४५ अंशांचा उतार लागतो. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडाथोडा गळून जातो. म्हणजे चढायला बरा दिसणारा उतारच घातक.

आणि तंबू सपाटीवर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वर काय आहे ते बघावं. २८ फेब्रुवारी २०२५ ला माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची छावणीच बर्फाखाली गेली, आठ जण दगावले. उत्तराखंडच, महिनाही तोच.

इराला एवढं पाठ करायला लाव: चोवीस तासांत फूटभर बर्फ पडलाय, वारा सुटलाय, एकदम ऊब आलीय, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज झाला किंवा बुटापुढून चीर पळाली, तर परत फिरायचं. शेवटच्या दोन खुणा दिसल्यावर तर चर्चाही नको. धोक्याचा इशारा १ ते ५ आकड्यांत देतात. ३ मधला आहे म्हणून गाफील राहायचं नाही, तिथेही माणसाच्या वजनाने थर सुटू शकतो. धोक्याचा उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची.

सामानात प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच: बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते रेडिओ-संकेताने कळवणारं आणि शोधणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची, उघडल्यावर अडीच-तीन मीटर होणारी काठी) आणि धातूचं फावडं. गाइडकडे एक संच असून भागत नाही; गाइडच गाडला गेला तर? बीकन जाकिटाच्या आत, अंगाला बांधलेला, चालू. मोबाइल त्यापासून वीतभर लांब. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. खालून मदत येईपर्यंत ही वेळ टळलेली असते. थांबलेला बर्फ इतका आवळतो की हातांनी उकरत नाही. प्रोब माणसाला लागला की तो तसाच रोवून ठेवायचा आणि उताराच्या खालच्या अंगाने, आडवं आत शिरत खणायचं. वरून सरळ खड्डा घेतला की खणणारे त्याच्या डोक्यावरच उभे राहतात आणि काढलेला बर्फ परत आत पडतो.

हे सगळं तिला मीच सांगेन. पाताळपाणीला नकाशा उलटा धरणाऱ्याने मध्ये पडू नये!

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. मंदाताईचा निरोप मिळाला, पुढच्या पत्रात लिहितो.

शनिवारी इराला फोन करायला सांग. त्याआधी तू आयोजकांना विचार: प्रत्येकाला बीकन देता का, आणि निघण्यापूर्वी गाडलेला बीकन शोधायचा सराव घेता का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे बुडू देत, नाव काढून घे.

तुझा,
विन्या