टक्के नको, बाहेरच्या पाण्याचा आकडा सांगा

संपादक महोदय,

भांडेवाडीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावरची तुमची बातमी वाचली, पण सगळा भर ‘बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) किती टक्के कमी होते’ यावरच आणि घोळ तिथंच आहे. समजा उन्हाळ्यात आत येणारं पाणी लिटरमागं २५० मिलिग्रॅम बीओडीचं असलं तर ९० टक्के काढूनही २५ उरतात, पावसाळ्यात तेच पातळ होऊन १०० वर आलं तर ८० टक्क्यांतच २० वर येते, म्हणजे टक्के कमी अन् पाणी चांगलं!

जंतूंचं तर विचारूच नका. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत फीकल कोलिफॉर्मची, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची, मर्यादा १०० मिलिलिटरमागं १००० आहे, आता कच्च्या सांडपाण्यात ते कोटीभर असले तर ९९ टक्के मारूनही लाखभर राहतात, कागदावर मात्र झकास दिसते. कोराडीच्या वीज केंद्राला हे पाणी जाते ते चांगलंच, पण नाग नदीत जे जाते ते पुढं कन्हान, वैनगंगेतून गोसेखुर्दला पोचते ना. महापालिकेनं आत येणाऱ्या अन् बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे दर महिन्याला छापावेत, कोलिफॉर्मसकट.

– एक वाचक, नागपूर