नवीन लॉनबद्दल, ताईला सविस्तर

ताई,

तुझा मेसेज मिळाला. बी पेरून झालं, आता पुढे काय करायचं ते नीट लिहून पाठव म्हणालीस, आणि व्हॉइस नोटमध्ये हे सगळं मावणार नाही, शिवाय बाबांना चष्मा लावून सावकाश वाचता येईल म्हणून पत्रच लिहितोय. मीही इकडे घरामागे नवीन पेरलंय त्यामुळे सध्या डोक्यात हाच विषय आहे, लांबलं तर लांबलं.

आधी पाणी. लॉनचं बरंवाईट जे काय होतं ते पहिल्या काही आठवड्यांत पाण्यावरच ठरतं असं माझं ठाम मत आहे. बी कोरडं असतं तोवर त्याला काही होत नाही, पुडीत महिनोन्महिने पडून राहतं. पण एकदा पाणी पिऊन फुगलं आणि आत मोड हलायला लागला की त्याला परत झोपता येत नाही, अशा वेळी वरची माती कडक उन्हात एक दुपार जरी पूर्ण वाळली तरी तो मोड आतल्या आत मरतो, आणि वरून काहीच दिसत नसल्यामुळे आपण नुसती वाट बघत बसतो. म्हणून वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सतत ओलसर राहिली पाहिजे. चिखल नको, ओलसर. दिवसातून 2-3 वेळा, वारा आणि ऊन जास्त असेल तर अजून एकदा, पण दर वेळी थोडंसंच, पाणी साचायला लागायच्या आत थांबायचं. आणि बाबांना प्लीज सांग की पाइप मोकळा सोडू नका. त्यांना झाडांच्या आळ्यात तसं पाणी द्यायची सवय आहे, पण इथे जोराची धार पडली की बी वाहत जाऊन खोलगट जागी गोळा होतं, मग तिथे गवताचा झुपका येतो आणि बाकी माती उघडी राहते. पाइपला बारीक शॉवरचं तोंड लावा किंवा झारी घ्या.

किती दिवसांत उगवेल हे गवतावर आहे. मी इकडच्या थंड हवेत वाढणाऱ्या वेगवेगळ्या गवतांच्या बियांची मिसळ पेरलीये. त्यात राय 5 ते 10 दिवसांत वर येतं, टॉल फेस्क्यू साधारण 7 ते 14 दिवस घेतं, आणि केंटकी ब्लूग्रास दोन आठवड्यांपासून पार महिन्यापर्यंत लावतं. या गवतांना माती 10 ते 18 अंशांच्या आसपास असली की बरं. तुमच्याकडे बर्म्युडा असेल, म्हणजे आपली हरळीच, तर तिला माती चांगली तापलेली लागते, 18-20 अंशांच्या वर, आणि ऊन दिवसभर लागतं, सावलीत ती कधी नीट भरत नाही. उगवायला तिला एक ते तीन आठवडे धर. तेव्हा आठव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून घाबरू नकोस, आणि उकरून तर अजिबात बघू नकोस.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पहिली हिरवी छटा दिसली की घरात सगळ्यांना वाटतं झालं काम, मग पाणी विसरलं जातं, पोरं खेळायला लागतात, कोणीतरी खुर्ची टाकतं. पण तेव्हा त्या रोपाची मुळं जेमतेम नखाएवढी असतात ग! मिसळीत तर एक जात उगवलेली असते आणि दुसरी अजून मातीत मोडाच्या अवस्थेत असते, पाणी तोडलं की ती गेलीच. म्हणून सगळं उगवून येईपर्यंत आधीसारखंच थोडं थोडं पाणी चालू ठेवा.

आणि मग बदला. हा बदल बरेच जण करतच नाहीत, महिनोन्महिने रोज वरवर शिंपडत राहतात. तसं केलं तर मुळं वरच्या थरातच राहतात कारण पाणी तिथेच मिळतं, खाली जायची त्यांना गरजच पडत नाही, मग एखाद्या कडक आठवड्यात सगळं पिवळं पडतं. तेव्हा उगवण पूर्ण झाली की वेळा कमी करा आणि पाणी वाढवा, आधी दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड, आणि कापणीच्या सुमारास ओल 10-15 सेंटिमीटरपर्यंत खाली पोचली पाहिजे. खुरप्याने कडेला थोडं उकरलं की लगेच कळतं. पाणी शक्यतो सकाळीच द्या. रात्रभर पाती ओली राहिली आणि माती चिकचिकीत असली की मर लागते, रोपं बुडाशी पाणचट होऊन आडवी पडतात, आणि ती परत उभी राहत नाहीत.

वर पातळ पेंढा टाकलायस ते छान केलंस. फक्त खालची निम्मी माती दिसत राहील इतकाच ठेव, दाट झाला तर कोंबांना उजेड मिळत नाही. नंतर तो ओढून काढू नकोस, कोवळी रोपं उपटून येतात, तो आपोआप कुजतो. झाडांची पानं मात्र साचू देऊ नकोस, हलक्या हाताने उचल.

अजून बी टाकू का विचारलं होतंस. बर्म्युडाला चौरस मीटरला 5 ते 10 ग्रॅम पुरतं, ब्लूग्रासला 10 ते 15, टॉल फेस्क्यूला मात्र 30 ते 40 लागतं कारण त्याचा दाणाच मोठा असतो. जास्त टाकलं तर रोपं एकमेकांत गुदमरून सगळीच बारीक राहतात. सगळी उगवण होऊ दे आणि मग नांग्या भर, म्हणजे जिथे उगवलं नाही त्या रिकाम्या जागी परत बी टाक. हरळी आणि ब्लूग्रास स्वतःच पसरून बारीक जागा भरून काढतात, फेस्क्यू आणि राय जागच्या जागी फुटवे करतात, तिथे मोकळी जागा राहिली तर बीच टाकावं लागतं.

कापायची घाई नको, पण भीतीही नको. फेस्क्यूची मिसळ 6 सेंटिमीटरवर ठेवायची असेल तर 9 झालं की कापायचं, म्हणजे एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. हरळी बरीच खाली ठेवतात, नियम तोच. ब्लेड धारदार हवं, बोथट ब्लेड कोवळी पाती कापत नाही, ओढतं, आणि रोप मुळासकट वर येतं. माती वाफशावर असतानाच, म्हणजे फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी असताना, मोवर चालवा, ओल्या मातीत चाकं रुततात. कापल्याने बुडातून फुटवे निघतात आणि गवत दाट होतं म्हणून पहिली कापणी टाळत बसू नका.

तणनाशक आत्ता अजिबात नाही. उगवण रोखणारं औषध बहुतेक वेळा आपल्या बियाण्यालाही रोखतं, आणि पानांवर मारायचं औषधसुद्धा तीन-चार कापण्या झाल्याशिवाय नको. मोठं तण तेवढं हाताने काढ, तेही दुसऱ्या हाताने आजूबाजूची माती दाबून धरून. बरीचशी वर्षायू, म्हणजे एका वर्षातच संपणारी, तणं कापणीनेच जातात. खताचंही तेच, पेरताना स्फुरद (फॉस्फरस) दिलंय ना मग उगवणीनंतर चार-सहा आठवड्यांनी थोडं नत्र (नायट्रोजन) दे, त्याआधी नको, ताजं शेण तर नकोच.

वावर दोन महिने तरी कमीच ठेवा, पोरांना कडेने जायला फळी टाकून दे.

बियाण्याच्या पुडीवरच्या लेबलचा फोटो पाठव, जात आणि उगवणक्षमता दोन्ही दिसतील असा, म्हणजे कापणीची उंची नक्की सांगतो. बाबांना हे पत्र वाचायला दे आणि त्यांचे प्रश्न असतील तर रविवारी कॉलवर बोलू. आईला नमस्कार, पोरांना खूप पापे.

तुझा भाऊ