आम्ही इथेच राहायचं ठरवलंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. ठाण्याला परत यायचं आम्ही रद्द केलंय. मनूचं नाव इथल्या शाळेत घातलं, फीही भरली. बाबा, लगेच फोन लावू नका, आधी पुरतं वाचा.

डबल ड्यूट्या करून ज्या गावातून पोरांना बाहेर काढलं, तिथेच हा जाऊन बसला, असंच वाटेल तुम्हाला. पण तुम्ही निघालात तेव्हा गावात हाताला काम नव्हतं. माझं काम लॅपटॉपमध्ये माझ्याबरोबर आलंय. नानांच्या ओट्यापर्यंत फायबरची लाइन आली नसती, फैजपूरचे दवाखाने जवळ नसते, तर मीही बिऱ्हाड हलवलं नसतं.

आलो ते ऐसपैस घरासाठी. हिरव्या निसर्गाचं कौतुक सांगणाऱ्यांना मे महिन्यात यावल-रावेरला आणून सोडावं. पंचेचाळीसचं ऊन आणि वादळात आडव्या झालेल्या केळी बघून सगळं कौतुक उतरतं.

राहिलो मात्र तुमच्या सूनबाईमुळे. सुरुवातीला ती रडवेली असायची. लोक चांगलेच वागायचे, पण पाहुण्यासारखे. खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, कामाला हात लावू द्यायचे नाहीत. मग उन्हाळ्यात काकूंकडे बिबडे निघाले. पहाटे चुलीवर पापडांसाठी ज्वारीचा घाटा रटरटत होता. काकूंनी सरळ हिला बसवलं आणि म्हणाल्या, "पाय नुसतं, आपोआप शिकशीन." हिचे बिबडे कडेला जाड, मध्ये फाटके. बाया पोट धरून हसल्या. घरी आली ती घाट्याची वाटी आणि लसणाचा वास घेऊन. म्हणाली, उद्या आपल्याकडे बिबडे आहेत, सगळ्या येणार आहेत. तेव्हापासून परत जायचा विषय तिने काढलेला नाही. माझ्याकडेही लोक केळीच्या विम्याचे फॉर्म घेऊन येतात, जेवताना उठवतात. वैताग येतो, पण बरंही वाटतं. सोसायटीत आपल्या दारात मेंटेनन्सच्या पावतीशिवाय कोण यायचं?

आजोबा 1936 च्या फैजपूर काँग्रेसचं सांगायचे ना, खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनाचं? एवढ्या देशभरच्या माणसांचं ज्या मुलखाने केलं, त्याला रत्नागिरीची एक सून काय जड?

तुम्हाला टाकून आलो असं मनातही आणू नका. मागची खोली तुमचीच आहे. कमोड बसवलाय, इन्व्हर्टर आहे, पाणी फिल्टरचं. कूलर ठाण्याच्या दमट हवेत नुसता घुरघुरायचा, इथल्या कोरड्या उन्हात मस्त गार करतो. आई, तरी लाइट गेली की तू पुठ्ठ्याने वारा घालत पाढे म्हणून घ्यायचीस ते आठवतं. एकोणतीसचा अजून अडतो गं.

आत्या काही बोलली तर मनावर घेऊ नका. जागा विकायची घाई नाही, ती तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं.

आता नीट ऐका. बाबांनी बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून टाळायची नाही. आईने माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही, वॉचमनच्या पोराला हाक मारायची. दिवाळीनंतर भरिताची वांगी येतात, तेव्हा या. कल्याणहून भुसावळची लोअर बर्थ मी काढतो, स्टेशनवर घ्यायला येतो. राहायचं की परतायचं ते आल्यावर बघू. लोणच्याची बरणी आणू नका, वजन होतं. आणलीच तर लहान आणा.

तुमचा,
बंडू

ता. क. जुनी रिपोर्टची फाइल सोबत ठेवा, मागच्या वेळेसारखी कपाटात विसरू नका.