पाय उचल, काका म्हणाले होते

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

परवा रात्री टोरोंटोहून बॅरीला परत येत होतो. हायवे ४०० वर, घर अर्ध्या तासावर असताना जॉर्जियन बे या उपसागराकडून बर्फ घेऊन वारा सुटला आणि बघता बघता पुढची गाडी दिसेनाशी झाली. एका पुलावर माझ्या गाडीची मागची बाजू डावीकडे सरकली. मागच्या सीटवर लेक झोपली होती.

त्या क्षणी तुमचा आवाज आला. "पाय उचल. ब्रेक नको. जायचंय तिकडे बघ." मी पाय उचलला, स्टिअरिंग हळूच डावीकडे दिलं, आणि गाडी सरळ झाली. लेक जागीही झाली नाही.

काका, नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तुम्ही मला मॉलमागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलंत, तेव्हा मनातून मला ते नको होतं. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवली होती, भर पावसात खंबाटकी उतरलो होतो, तेवढं पुरेल असं वाटायचं. तुम्ही वाद घातला नाहीत. मला जोरात ब्रेक मारायला लावलात. पेडल पायाखाली थरथरलं तसा मी दचकून पाय काढला. तुम्ही म्हणालात, "ते एबीएस आहे, ब्रेक मारताना चाकं जाम होऊ देत नाही. त्याला त्याचं काम करू दे, दाबून ठेव." मग हँडब्रेक ओढून गाडी मुद्दाम घसरवलीत. पुन्हा. आणि पुन्हा. माझे हात आपोआप वळायला लागेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

विंटर टायरचंही तसंच. ओंटारियोत ते क्वेबेकसारखे सक्तीचे नाहीत, म्हणून मी ते पैसे वाचवणार होतो. तुम्ही सांगितलंत की पारा ७ अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होतं, मग बर्फ असो वा नसो. विंटर टायरवरचं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बोटाने दाखवलंत. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो रस्त्याआधी गोठतो, हेही तुमचंच. परवा पुलाआधीच मी वेग ५० वर आणला होता. ८० वर असतो तर हे पत्र लिहायला बसलो असतो का, माहीत नाही.

पुढे बर्फ काढणाऱ्या ट्रकचे निळे दिवे दिसले. ओव्हरटेक न करता, चांगलं अंतर ठेवून त्याच्या मागेमागे घरी आलो. डिकीत तुम्ही भरून दिलेलं फावडं, ब्लँकेट, वाळूची पिशवी तशीच आहे. अडकलो तर इंजिन लावण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढायचा, नाहीतर विषारी धूर आत येतो, हे मी बायकोलाही सांगून ठेवलंय.

तुमच्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही रस्त्याकडेच्या चरात चार तास एकटे अडकला होतात, हे काकूंनी मला काल सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्हाला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, आणि मला तुम्ही होतात.

येत्या रविवारी हिला त्याच पार्किंगमध्ये शिकवायचंय. तुम्ही शेजारी बसाल का?

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा