शनिवारची बैठक

मंडळी, शनिवारी संध्याकाळी साडेपाचला टिळकवाडीत, नेहमीच्या माडीवर. हरवलेल्या मुलाची कादंबरी निम्मी तरी वाचून या. शेवट ग्रुपवर फोडू नका की ओ, खानापूरच्या ताईंना प्रत कालच मिळालीय!

मला रहस्यापेक्षा ती आईच जास्त छळते. रोज एक ताट जास्त वाढते, आणि ते उचलायचा धीर घरात कुणालाच होत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंब-समुपदेशक संशोधिकेनं अशा दुःखाला 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे माणूस आहे की गेला हेच न कळणारं हरवणं, म्हटलंय. माणूस गेला म्हणून धड रडताही येत नाही.

पोलिसांच्या प्रकरणावर वाद होणारच. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायलाच हवा, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २०१३चा आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

निपाणीकरांनी परतीची बस आधी बघावी. ग्रंथालयाच्या प्रती परत आणा, पानं दुमडलेली नकोत.