‘हे बाहेर कसं काढणार?’ असं विचारणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार.

तोंडी आभार तुम्ही मानू देत नाही. ‘बरं बरं, टायरची हवा बघितलीस का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. नवीकोरी मालवाहू व्हॅन घ्यायची, तीच रोज कामाला वापरायची आणि सुट्टीत तिच्यातच झोपायचं, हे खूळ काही माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. पण जन्मभर गाड्यांच्या बॉड्या बांधलेला माणूस प्रत्येकाच्या शेजारी राहत नाही. तुम्ही मला जे दिलंत त्यातलं थोडं त्यांच्याही पदरात पडावं.

माझी अडचण तुम्हाला सुरुवातीलाच सांगितली होती. आठवडाभर या गाडीतून स्पीकर, स्टँड आणि केबलच्या पेट्या जाणार. सुट्टी आली की आम्ही दोघं तीच घेऊन मुक्कामाला जाणार. दुसरी गाडी परवडत नाही आणि ठेवायला जागाही नाही. तुम्ही माझा आराखडा हातात घेतलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि पलंगावर बोट ठेवून विचारलंत, ‘हे बाहेर कसं काढणार?’ मग ओट्यावर बोट. ‘आणि हे?’ मग बॅटरीच्या कप्प्यावर. आराखडा बरा की वाईट, एक अक्षर बोलला नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक फळी आणि प्रत्येक बोल्ट याच प्रश्नाच्या चाळणीतून गेला. माझ्या गाडीत आज जे काही धड आहे ते त्यामुळेच.

हा प्रश्न काही नवा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. सगळा संसार एका खोक्यात. सुट्टीत तो गाडीत ठेवायचा, सोमवारी उचलून बाजूला काढायचा की गाडी पुन्हा मालाची. आज लोक व्हॅनच्या भिंतीभिंतीला लाकूड ठोकून आत बंगला उभारतात. कायमचं राहायचं असेल तर ते ठीकच आहे. मला सोमवारी सकाळी सामान भरायचं होतं.

मग तुम्ही मला जमिनीवर वाकायला लावलंत. माल बांधायच्या ज्या कड्या कंपनीनेच बसवलेल्या असतात, त्या मी तोवर नीट बघितल्याही नव्हत्या. ‘इथं पत्र्याला आतून जोड दिलेला असतो. आपलं सगळं इथंच अडकवायचं, नवं भोक नाही पाडायचं,’ असं म्हणालात. नव्या गाडीत हे फारच मोलाचं निघालं. जमिनीखाली एकीकडे इंधनाची टाकी, एकीकडे ब्रेकच्या नळ्या, खांबांमधून एअरबॅगच्या वायरी. ड्रिल चालवणाऱ्याला वरून यातलं काही दिसत नाही. शिवाय उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज धरतो आणि कंपनीची वॉरंटी वादात जाते.

अॅल्युमिनियमच्या खाचेच्या पट्ट्यांचा सांगाडाही तुमचीच निवड. चाळीस बाय चाळीस मिलिमीटरची हलकी पट्टी मीटरला दीड किलोच्या आसपास भरते. लोखंडी चौकोनी नळीपेक्षा हलकी, आणि नट खाचेत सरकत असल्यामुळे माप चुकलं तरी पुन्हा कापाकापी नाही. पलंगाचे दोन भाग केले, कुठलाही भाग मी एकटी उचलू शकेन एवढेच जड. उंची स्पीकरच्या पेट्यांवरून धरली. झोपायची लांबी मात्र तुम्ही जमिनीपाशी मोजू दिली नाहीत. व्हॅनच्या भिंती बाहेर फुगलेल्या असतात आणि खाली चाकांचे उंचवटे आत येतात. दोन उंचवट्यांमध्ये बऱ्याच व्हॅनमध्ये सव्वा मीटरच्या जवळपास जागा ठेवतात, कारण माल रचायचं १२०० मिलिमीटरचं पॅलेट तिथून आत जायला हवं. झोपणाऱ्या माणसाची सोय त्या मापात कुणी बघितलेली नसते. आडवं झोपायचं तर गादीच्या उंचीला टेप धरा, असं म्हणालात. तिथं मला पुरेशी लांबी मिळाली आणि माझ्या नवऱ्याला मिळाली नाही. तो तिरका झोपतो आणि तक्रार करतो. त्यात तुमचा काही दोष नाही.

पुढच्या सीटमागचं लोखंडी पार्टिशन काढून टाकलं तर गाडी आतून मोकळी वाटते, आणि पुष्कळ जण ते काढतात. तुम्ही तिथंच खडूने जमिनीवर हिशेब मांडलात. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या विसेक पट जोर येतो. दहा किलोची पेटी तेवढ्यापुरती दोनशे किलोची होते, आणि ती तुमच्या मानेच्या दिशेने निघालेली असते. पार्टिशन राहिलं. पाण्याचा कॅन, बॅटरी, कपड्यांच्या पेट्या, सगळं त्याच्या मागे आणि बांधलेलं.

वजनाच्या बाबतीत तुमचा आग्रह मला सुरुवातीला जरा जाचक वाटला होता, हे सांगून टाकते. गाडी रिकामी असताना, टाकी भरून, वजनकाट्यावर न्यायला लावलीत. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. माहितीपत्रकातला रिकाम्या गाडीचा आकडा कुणी चालक धरून देतं, कुणी न धरता. काट्यावरची पावती मात्र आपल्या गाडीची असते. कमाल मान्य वजनातून ती वजा केली की काय उरतं, तेवढ्यातच फर्निचर, पाणी, माणसं आणि माझे स्पीकर बसायला हवेत. आणि मग तुमचं ते सुतारकामाच्या लाकडावरचं प्रवचन! अठरा मिलिमीटरचं बर्च प्लायवूड, आठ बाय चार फुटांचा एक ताव, ३५ किलोच्या वर जातो. तोच ताव बारा मिलिमीटरचा आणि पॉप्लरचा घेतला तर निम्म्याहूनही कमी. पाणी लिटरला किलो. शंभर अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी तीस किलोच्या आसपास, आणि ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी बारा किलोच्या आत-बाहेर, आणि जवळजवळ सगळी वापरता येते. महाग आहे, पण वजनाचा विचार केला की तीच घ्यावी लागते. पाण्याची टाकी मागच्या दाराशी ठेवायची माझी कल्पना तुम्ही एका वाक्यात निकालात काढलीत. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि वळवायचं काम त्यांच्याकडे असतं.

विजेचं काम तुम्ही स्वतः केलं नाहीत. ‘मी लोखंडातला माणूस’ म्हणून तुमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलंत आणि मला त्याच्या शेजारी बसवलंत. त्यांचेही आभार या पत्रातच पोचवते. मागच्या बाजूला फ्रिज आणि चार्जिंगची सॉकेट मिळून दहा अँपिअरची लाइन न्यायची होती. अंतर पाच मीटर, म्हणजे वीज जाऊन-येऊन दहा मीटर फिरणार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्यात जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. घरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण बारा व्होल्टमधले ०.७ गेले की बॅटरीत वीज शिल्लक असतानाही फ्रिज ‘व्होल्टेज कमी’ म्हणून बंद पडू शकतो. सहा चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तोटा ०.३ च्या आत आला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण त्याच्या आधी वायर कुठं घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. गाडी चालू असताना चार्जिंगसाठी डीसी-डीसी चार्जर. लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रातून, हवा तेवढा करंट ओढू बघते आणि अल्टरनेटर तापतो, हा चार्जर त्याला लगाम घालतो. शिवाय नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज वरखाली करत असतात, त्यामुळे दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारी साधी रिले लावून भागत नाही.

इन्सुलेशनबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. दोन माणसं रात्रभर बंद गाडीत झोपली की श्वासाची आणि घामाची वाफ थंड पत्र्यावर जमते आणि सकाळी टपकते. बंद पेशींचा फोम पत्र्याला सलग चिकटवला की वाफ पत्र्यापर्यंत पोचतच नाही. मी उत्साहात दारांच्या पोटातही तो भरायला निघाले होते, तेव्हा तुम्ही दाराच्या खालच्या कडेला माझं बोट नेऊन तिथली बारीक भोकं दाखवलीत. काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजली की दार आतून कुजतं.

आता छताचा पंखा. त्या एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही, आणि अजूनही मला वाटतं की माझंच बरोबर होतं. नव्या गाडीच्या छताला भोक, हे तुमच्या पचनी पडत नव्हतं. दोन दिवस बोलला नाहीत. मग स्वतःच जिगसॉ घेऊन आलात. ‘करायचंच आहे ना, मग नीट तरी होऊ दे.’ छताचे आडवे बाक, म्हणजे पत्र्याखालच्या आधाराच्या पट्ट्या, कुठे आहेत ते आतून चाचपून दोन बाकांच्या मधोमध जागा धरलीत. पट्ट्या मारून पत्रा झाकलात, पट्टीवरच रेघा आखल्यात, चार कोपऱ्यांना गोल भोकं पाडलीत. आतून प्लास्टिकची पिशवी चिकटवून कीस झेलायला मला उभं केलंत. काम झाल्यावर लोहचुंबक कापडात गुंडाळून अख्ख्या छतावरून फिरवलात, कारण लोखंडाचा एक कण जरी रंगावर राहिला तरी चार दिवसांत तिथं तांबडा ठिपका उठतो. कडेवरून कानस, मग बोटाचं पेर कडेवरून फिरवून खात्री, मग झिंकचं प्रायमर, ते वाळेपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाहीत. सिलिकॉन आणलं होतं मी, ते तुम्ही परत पाठवलंत. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरं सीलंट. ब्युटाइल रबराची चिकट पट्टी लावून चौकट बसवलीत, स्क्रू एकाआड एक आवळलेत, आणि वर पाण्याचा पाइप सोडून आत टॉर्च घेऊन बसून राहिलात. पंख्याला खालून हवा यायला वाट हवी, नाहीतर तो नुसता घरघरतो, म्हणून सरकत्या दाराची काच बोटभर उघडी ठेवायची जाळीही तुम्हीच करून दिलीत. मला वाटतं, शेवटी तुम्हालाही तो पंखा आवडला. बोलून दाखवणार नाही तुम्ही.

आवाजाचं मात्र सगळं श्रेय तुमचं. रोजच्या गाडीत खडखड हा छळ असतो. सुट्टीतल्या मुक्कामापेक्षा तोच जास्त सोसावा लागतो. मी पत्राभर जाड डांबरी थर द्यायला निघाले होते. तुम्ही पत्र्यावर बोटाने टकटक करत फिरलात आणि जिथं ठणठण येत होती तिथंच, मोठ्या पत्र्याच्या मधल्या चौथ्या हिश्शावर ब्युटाइलचे तुकडे लावलेत. वजन वाचलं आणि आवाज बसला. सांगाडा आणि भिंत यांच्यामध्ये नमद्याची पट्टी, सगळीकडे नायलॉनचे लॉक नट. सांगाडा दोन्ही भिंतींना घट्ट जखडायचा नाही, कारण खड्ड्यात गाडीची बॉडी किंचित पिळवटते आणि मग फर्निचर कुरकुरायला लागतं. हे मला एरवी कोणी सांगितलं असतं?

गॅसची शेगडी आत नाही, मागच्या दाराबाहेर वापरतो. तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, तुम्ही दिलेल्या जागीच. विमा कंपनीला बदल लेखी कळवलेत. पडदे मी शिवलेत आणि ते वाकडे आहेत.

काका, सोमवारी सकाळी पलंगाचे दोन भाग उतरवून भिंतीला टेकवून ठेवायला मला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो. मग स्पीकर चढतात. शनिवारी उलटं. माझे सहकारी विचारतात की गाडी कोणी बांधून दिली. मी तुमच्याबद्दल सांगते आणि तुमचा नंबर मात्र देत नाही, तुमच्या गुडघ्यांची काळजी म्हणून.

एक काम मात्र राहिलंय आणि त्यासाठी तुम्हाला यावं लागेल. शेजारच्या सीटखाली फिरता तळ बसवायचा आहे. सीट काही सेंटिमीटर वर येईल, हँडब्रेकचा दांडा वाटेत येतो की नाही ते बघायचंय, आणि सीटखाली एअरबॅगची वायर आहे ती फिरताना ताणली जाणार नाही याची खात्री हवी. बोल्टला किती जोर लावायचा ते कंपनीच्या पुस्तकात दिलंय. तुमचा टॉर्कचा पाना घेऊन या, माझा फक्त दिसायला मोठा आहे. आणि काकूंनाही आणा, त्यांनी अजून गाडी आतून बघितलेली नाही.

तुमची,
व्हॅनवाली शेजारीण