बोटभर मलमलीच्या पिशवीबद्दल

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

तुम्ही पाठवलेला डबा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या हाती पडला, आणि तेव्हापासून हे पत्र मी मनातल्या मनात लिहीत आले आहे. त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला "डबा पोहोचला" एवढेच सांगू शकले, कारण पुढचा शब्द घशातून निघत नव्हता. आता डिसेंबर आला, गच्चीवर आईच्या वांग्याची अकरा झाडे फळांनी वाकली आहेत, तरी डबा उघडतानाचा तो क्षण आठवला की डोळे भरून येतात. हे पत्र मी उघड लिहीत आहे, कारण तुम्ही जे केलेत ते तुम्ही स्वतः कुणालाही सांगणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

तुमची-माझी ओळख कशी झाली ते इथे लांबवत नाही. माझ्या मैत्रिणीचे सासर तुमच्या शेजारचे, आणि तिच्या बोलण्यातून तुम्हाला कळले की नागपुरात कुणीतरी बाई गच्चीवर जाळी बांधून भाजी पिकवते. पहिले पार्सल तुम्हीच पाठवलेत: आमसुले, कुळथाचे पीठ आणि केळीच्या वाळलेल्या पानात गुंडाळलेली आंबापोळी. मी सांडगे, कुरडया आणि भिवापुरी मिरची पाठवली. पुडीवर मी आमच्या बोलीप्रमाणे "सांबाराचे बी" असे लिहिले होते, तर पुढच्या चिठ्ठीत तुम्ही "तुमच्या सांबाराची कोथिंबीर सुंदर उगवली" असे लिहिलेत, आणि माझा शब्द न खोडता त्याच्या शेजारी आपला शब्द ठेवण्याची तुमची ती रीत मला तेव्हाच आवडून गेली. पत्ता लिहिताना तुमचा पिनकोड ४१६ ने सुरू होतो, माझा ४४० ने. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर लागू झाली, असे तुम्हीच एकदा मला अभिमानाने सांगितले होते. तेव्हापासून पार्सलवर तो पहिला ४ लिहिताना, राज्याच्या दोन टोकांना असलो तरी आपण एकाच आकड्याखाली येतो, हे मला दरवेळी जाणवते.

आपल्या दोघींच्या भाजीवरचे आच्छादन मात्र अगदी उलट कारणांसाठी आहे. तुमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, म्हणून तुम्ही परसात बांबूच्या कमानींवर २०० मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणता, आणि श्रावणात सारे आवार चिखलाने भरलेले असताना त्या कागदाखाली तुमचा लाल माठ आणि मिरचीची रोपे मोकळ्या, भुसभुशीत मातीत उभी असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि गच्चीची फरशी संध्याकाळी सात वाजताही पायाला चटके देते, म्हणून मला हिरवी जाळी लागते. ती बांधायला शिकवणारे मात्र मला उशिरा भेटले. ज्यांच्याकडून मी पहिली जाळी घेतली, त्यांनी कोणते पीक आहे हेही न विचारता ७५ टक्के सावलीची जाळी गळ्यात मारली, त्यामुळे वांग्याची रोपे उजेडासाठी ताणून काडीसारखी बारीक झाली आणि फुले धरण्याआधीच गळू लागली. त्यांनीच "दहा वर्षे काही होणार नाही" असे सांगून दिलेला प्लास्टिकचा कागद उन्हाला टिकणारा नव्हताच. एका उन्हाळ्यात त्याचे पापडासारखे तुकडे पडले. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा "घरच्या गच्चीसाठी कशाला एवढे मनावर घेता" असे उत्तर मिळाले. तुम्ही मात्र फोनवर पहिला प्रश्न विचारलात तो असा: "झाडावर ऊन किती वाजेपर्यंत असतं?" उन्हाळ्यात ५० टक्क्यांची जाळी लाव आणि थंडीत ती काढूनच टाक, वांग्याला ऊन हवे असते, हे तुमचे सांगणे ऐकले आणि माझी बाग सुधारली.

वांगे म्हणजे माझ्यासाठी आईचे वांगे. उमरेडजवळच्या आमच्या गावी तिने आयुष्यभर एकच जात लावली: लहान, गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, आणि देठाला असे काटे की तोडताना बोटाला टोचल्यावाचून राहायचे नाहीत. तीळ, सुके खोबरे आणि भिवापुरी मिरची भरून ती करायची, तेव्हा शेजारचे लोक वाटी घेऊन दाराशी यायचे. आई गेल्यावर तिच्या फळीवर राखेत कालवलेल्या बियांची एक काचेची बरणी सापडली. शेत विकले गेले, घर पडले. तिच्या हातचे जिवंत असे जे काही माझ्याकडे उरले, ते त्या बरणीत होते.

मी ते एकटीने जपू नये, असे मला वाटले. म्हणून अर्धे बी मी एका संस्थेला दिले, जी जुनी वाणे सांभाळते असे तिचे लोक सभांमधून सांगत. त्यांनी बियांचा फोटो काढला, माझाही काढला, पुढच्या हंगामात वाढवून परत देऊ असे म्हटले. पहिल्या वर्षी विचारले तेव्हा पेरणी राहून गेली होती. दुसऱ्या वर्षी जबाबदार माणूस बदलला होता. तिसऱ्या वर्षी अशा नोंदीचे बी आमच्याकडे आलेलेच नाही, असे मला लेखी कळवण्यात आले. त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. ज्यांनी कामच हे पत्करले होते, ज्यांच्याकडे जागा होती, माणसे होती आणि ज्यांच्या कपाटांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांना ते जमले नाही, ही गोष्ट मी आजही विसरलेले नाही.

त्यानंतर या मे महिन्यात वादळ आले. अर्ध्या तासात गारांनी जाळीची चाळण केली, वाऱ्याने पाइप वाकवले, आणि ज्या पत्र्याच्या आडोशाला मी बरणी ठेवली होती तो पत्रा उडाला. बरणीचे झाकण निघाले होते. मला ती दोन दिवसांनी कुंड्यांच्या ढिगाखाली सापडली, तोवर बियांवर पांढरी बुरशी चढली होती. मी त्यातल्या शंभर बिया ओल्या फडक्यात घालून पाहिल्या. एकही फुटली नाही.

तुम्हाला मी त्या वेळी फार थोडे लिहिले. तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे होता, आणि डबा रिकामा परत करू नये हे आपल्या दोघींच्याही घरचे वळण. पण पाठवायला माझ्याकडे काहीच नव्हते आणि स्वयंपाकघरात उभे राहून काही करावे असे मनही नव्हते. शेवटी मूठभर साखर घालून मी तो पाठवला आणि सोबत दोन ओळी लिहिल्या की आईचे बी गेले, आता काही महिने पार्सलांची अदलाबदल थांबवू या.

जुलैमध्ये तोच डबा परत आला. आमच्या पोस्टमनदादांनी तो भर पावसात स्वतःच्या रेनकोटच्या आत धरून तीन जिने चढून आणला होता. त्यांचेही आभार मी याच पत्रात मानते. वर आमसुले होती. आमसुलांच्या खाली कागदाची पुडी, पुडीत राखेत कालवलेले बी, आणि बियांच्या वर घडी घालून ठेवलेली मलमलीची एक पिशवी, माझ्या मधल्या बोटाएवढी, तोंडाशी दोरा ओवलेली. चिठ्ठीत तुम्ही लिहिले होते: "दोन वर्षांमागे तू चिमूटभर पाठवलं होतंस, आईचं वांगं म्हणून. ते हे. माझी वांगी बाजूलाच होती, मिसळ होईल म्हणून पिशवी बांधली होती. निर्धास्त लाव."

काकू, या चार वाक्यांमागे किती दिवस आहेत हे ज्याने बी धरले आहे त्यालाच कळेल. वांग्याचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर धरते, पण माशा-भुंगे दुसऱ्या झाडाचा पराग आणतात, आणि मग पुढच्या पिढीत रेघा पुसट होतात, काटे जातात, चव बदलते. ते टाळायचे तर फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळी झाकावी लागते. झाकली की वाराही लागत नाही आणि भुंगाही येत नाही, म्हणून सकाळी सकाळी पिशवीवरून फुलाला टिचकी मारावी लागते, तेव्हा कुठे पराग टोकाच्या छिद्रांतून खाली झडतो. फळ धरले की पिशवी काढून देठाला दोरा बांधायचा, म्हणजे घरातले कुणी ते भाजीसाठी तोडणार नाही. मग ते फळ पिवळे पडून झाडावरच निबर होईपर्यंत वाट पाहायची, गर पाण्यात कुस्करायचा, तरंगणारे पोकळ बी फेकून द्यायचे, आणि तळाशी बसलेले सावलीत वाळवायचे. तुम्ही हे सगळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात केलेत. माझे बी मेमध्ये गेले. म्हणजे ज्या दिवसांत तुम्ही रोज सकाळी त्या फुलाला टिचकी मारत होता, तेव्हा माझ्या बरणीला काही होईल हे तुम्हाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. तुम्ही मला त्याबद्दल एका शब्दाने कळवले नव्हते. मी दोन वर्षांपूर्वी पुडीवर "आईचे वांगे" असे दोन शब्द लिहिले होते, आणि न पाहिलेल्या बाईच्या न पाहिलेल्या आईचे वांगे आहे तसे राहावे, एवढ्याचसाठी तुम्ही काकांच्या जुन्या धोतराची ही पिशवी शिवलीत.

बी तर ज्याच्याकडे असेल तो देईल, आणि तेवढेही माझ्यासाठी खूप झाले असते. मी सर्वात जास्त ऋणी आहे ती या पिशवीची. कुणी पाहत नसताना, कुणी मागितलेले नसताना, दुसऱ्याची वस्तू तिच्या मूळ रूपात राखण्याची ही जी काळजी आहे, तिला माझ्याकडे माणुसकी याहून मोठा शब्द नाही. अशी माणसे असतात म्हणून घरोघरची विरजणे, लोणची आणि बियाणी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत आली, आणि त्यांची नोंद कुठल्याच कपाटावर नसते.

तुमच्या पुडीतल्या चाळीस बिया मी जुलैतच रोपांसाठी पेरल्या, चौतीस उगवल्या. काही रोपे बहिणीला दिली, काही त्याच पोस्टमनदादांच्या आईला, अकरा मी ठेवली. नोव्हेंबरमध्ये पहिली वांगी उतरली तेव्हा रेघा तशाच होत्या, आणि बोटाला काटाही तसाच टोचला. भरली वांगी केली. बहिणीने पहिला घास घेतला आणि ती उठून आत गेली.

आजच्या पार्सलमध्ये तुमचा डबा आहे. त्यात तीळ, सरगुंडे आणि या वर्षीची भिवापुरी मिरची आहे, आणि तळाशी तुमच्याच पुडीतले न पेरलेले अर्धे बी, कारण यापुढे ते दोन घरी राहिले पाहिजे आणि दुसरे घर तुमचे. पिशवी मात्र मी परत पाठवलेली नाही, त्याबद्दल क्षमा असावी. काल संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या झाडावर एक टपोरी कळी दिसली, तिच्यावर ती बांधली आहे.

तुमची,
नागपूरची गच्चीवाली